दोन आकड्यांमधले अंतर

मेटार, म्हणजे विमानतळाचा ताजा हवामान अहवाल, वाचायला शिकताना विद्यार्थ्याचे लक्ष साहजिकच वारा आणि दृश्यमानता यांवर खिळते. त्यापुढचे तापमान आणि दवबिंदू हे दोन आकडे तो उच्चारतो आणि सोडून देतो. मीही बरेच दिवस तेच करीत असे. एका पहाटे अहवालात तापमान १२, दवबिंदू ११, वारा जवळजवळ शांत आणि आकाश निरभ्र होते. मी निर्धास्त होतो. प्रशिक्षकांनी मात्र मला थोडे थांबायला सांगितले. सूर्य उगवल्यानंतर अर्ध्या तासात धावपट्टीचे दुसरे टोक दिसेनासे झाले.

हवा ज्या तापमानाला थंड झाली की तिच्यातल्या बाष्पाचे पाणी होऊ लागते, तो दवबिंदू. निरभ्र रात्री जमिनीची उष्णता ढगांच्या पांघरुणाअभावी निघून जाते आणि जमिनीलगतची हवा त्या बिंदूकडे सरकत राहते. वारा मुळीच नसेल तर बहुधा दव पडून भागते. मंद वारा असेल तर तो गारवा थोडा वर पसरवतो आणि धुके धरते. उगवत्या उन्हाने हवा ढवळली जाऊन तेच धुके विरण्याआधी काही काळ अधिक दाटही होऊ शकते. म्हणजे निरभ्र आकाश आणि मंद वारा ही ज्या चिन्हांनी मी खूश झालो होतो, तीच धुक्याची सामग्री होती. (दृश्यमानता १००० मीटरच्या खाली गेली की अहवालात धुके लिहितात, त्याहून विरळ असेल तर ‘बीआर’, जे फ्रेंच ‘ब्र्यूम’वरून आले आहे.)

दुपारी तापमान आणि दवबिंदू यांतले हेच अंतर वेगळ्या कामी येते. जमिनीवरून वर चढणारी कोरडी हवा दर १००० फुटांना सुमारे ३ अंश थंड होते, तिचा दवबिंदू मात्र जेमतेम अर्धा अंश उतरतो; त्यामुळे दोघांतले अंतर दर १००० फुटांना अडीच अंशांनी मिटते. तापमान ३० आणि दवबिंदू २० असेल, तर कापसासारख्या ढगांचा तळ जमिनीपासून साधारण ४००० फुटांवर सापडेल. उन्हाने तापलेल्या जमिनीवरून उठणाऱ्या ढगांपुरताच हा हिशेब खरा आहे. दूरवरून सरकत आलेल्या पसरट थरांना तो लावणे ही चूक अनेकजण करतात.

आता मी लागोपाठच्या अहवालांतले हे अंतर वहीत उतरवतो, कारण ४ वरून ३ आणि ३ वरून २ होत जाणारे अंतर कोणत्याही एकट्या आकड्यापेक्षा जास्त सांगते. शिवाय अहवालातले आकडे पूर्ण अंशांत दिलेले असतात, त्यामुळे त्या पहाटेचे १२ आणि ११ हे प्रत्यक्षात ११.६ आणि ११.४ असू शकत होते.