तलवार कुठाय म्हणून विचारलंत, तर सांगते

घरी कोणी नवीन आलं की कपाटातल्या लोखंडी-तांब्याच्या चकत्या बघून आधी विचारतात हे काय, मी म्हणते जपानी तलवारीची मूठ आणि पातं यांच्या मधे बसते ती चकती, त्सुबा म्हणतात, की पुढचा प्रश्न ठरलेला, "अरे वा, मग तलवार कुठाय?" परवा एका ओळखीच्यांनी घरी गेल्यावर फोन करून परत विचारलं, म्हणजे तुम्ही नुसत्या चकत्याच जमवता का हो? म्हणून एकदा नीट लिहूनच टाकते.

तलवार नाहीये. घ्यायचीही नाहीये. सोपं उत्तर कायद्याचं आहे, जपानमधे प्रत्येक जुन्या तलवारीची सरकारी नोंद असते, देशाबाहेर न्यायची तर सांस्कृतिक खात्याचा वेगळा कागद, आणि इकडे उतरल्यावर आपला शस्त्र कायदा आहेच. त्सुबेला ही नोंदणी लागत नाही, ती तळहातावर मावते, सात-आठ सेंटीमीटरचा तर व्यास. पण हे सांगितलं की लोकांना वाटतं बाई तलवार जमली नाही म्हणून चकतीवर भागवतेय. तसं नाहीये. (तलवार परवडत नाही हेही खरंय, पण तो मुद्दा नाही.)

मुद्दा हा की त्सुबा कधी एकाच तलवारीची नसायचीच. पातं करणारा लोहार वेगळा, म्यान करणारा वेगळा, त्सुबा करणारा अजून तिसराच, आणि मालकाची ऐपत असेल तर एकाच पात्याला रोजचा साज वेगळा आणि दरबाराचा वेगळा. त्सुबेच्या मधोमध पात्याचा दांडा जायला त्रिकोणी लांबट भोक असतं, त्या भोकाच्या दोन्ही टोकांना बरेचदा तांब्याचे छोटे तुकडे ठोकून बसवलेले दिसतात, नवीन पातं घट्ट बसावं म्हणून. म्हणजे ही चकती एका पात्यावरून दुसऱ्यावर गेलेली आहे. मी कुठलाही पीस हातात घेतला की समोरची नक्षी नंतर, आधी ते भोक बघते.

मी मूळची मेटलर्जीवाली. चाकणच्या कंपनीने नागोयाला पाठवलं तेव्हा जपानी कला वगैरे काही डोक्यात नव्हतं. नागोयात ओसू कान्नोन म्हणून देऊळ आहे, तिथे दर महिन्याच्या १८ आणि २८ तारखेला जुन्या वस्तूंचा बाजार भरतो, किमोनो, चहाचे कप, जुने कॅमेरे, आणि मधेच कुणाच्यातरी सतरंजीवर दोन-चार त्सुबा. नागोया म्हणजे जुना ओवारी प्रांत आणि ओवारीच्या जाळीदार लोखंडी त्सुबा प्रसिद्ध आहेत. सोनं नाही, चांदी नाही, नुसतं घडवलेलं लोखंड, त्यात आरपार कापलेली आकृती, आणि कडेला बोटाला लागतील असे छोटे छोटे कठीण उंचवटे. ते बघून माझ्यातली मेटलर्जीवाली जागी झाली, कारण ठोकून ठोकून एकजीव केलेल्या लोखंडातले जास्त कठीण भाग कडेला असे वर राहिलेत. जाणकार त्याला लोखंडाची हाडं म्हणतात आणि त्यासाठी जास्त पैसे मोजतात. आमच्या क्वालिटीवाल्यांनी रिजेक्ट केलं असतं!

लोखंडातून मग रंगीत धातूंकडे गेले आणि तिथे अडकले ती अडकलेच. जपानी कारागीर तांब्यात साधारण तीन ते पाच टक्के सोनं मिसळायचे, त्याला शाकुदो म्हणतात. तीन भाग तांबं आणि एक भाग चांदी असं घेतलं (प्रमाण कमीजास्त व्हायचं) की तो शिबुइची. नुसतं पॉलिश केलेलं शाकुदो बघितलंत तर तांबंच वाटेल, त्यात सोनं आहे हे कुणाला पटणार नाही. मग ते तुकडे किसलेल्या मुळ्याच्या रसात बुडवायचे, होय आपला पांढरा मुळा, आणि मोरचूद नि ताम्रकिटाच्या पाण्यात उकळायचे. शाकुदो काळं होतं, पण कोळशासारखं नाही, ओल्या कावळ्याच्या पंखावर निळं-जांभळं चमकतं ना तसं. शिबुइची राखाडी होतं, शुद्ध तांबं लालसर होतं, आणि सोनं-चांदी जशीच्या तशी राहते. आता विचार करा, एकाच चकतीवर हे सगळे धातू जडवलेत, चकती एकाच भांड्यात उकळतेय, आणि प्रत्येक धातू आपापला रंग घेऊन बाहेर येतो. ब्रश नाही, रंग नाही. रात्रीचं आकाश शाकुदोचं, चंद्र चांदीचा, आणि ढग शिबुइचीचा. हे मी कुणाला समजवायला लागले की घरचे उठून चहा टाकायला जातात.

आपल्याकडे याचं जवळचं नातलग म्हणजे बिदरी. लातूर-नांदेडकडच्यांना बिदर काय लांब नाही. तिथे जस्तात थोडं तांबं, वर चांदीचं जडकाम, आणि बिदरच्या किल्ल्यातली माती नवसागराबरोबर वापरून जस्त काळं करतात, चांदी मात्र पांढरीच राहते. युक्ती तीच. दोघांनी एकमेकांकडून घेतली असं मी म्हणत नाहीये, पण ज्याने बिदरीचा हुक्का नीट निरखलाय त्याला शाकुदो चटकन कळतं.

तर अशी कला असताना तलवार का हवी? आणि खरं सांगायचं तर ही कला तलवार गेल्यावर संपलीही नाही. २८ मार्च १८७६ ला मेइजी सरकारने (म्हणजे सामुराई राजवट जाऊन सम्राटाच्या नावाने आलेलं नवं सरकार) हुकूम काढला, सैन्य-पोलीस आणि दरबारी पोशाखातले अधिकारी सोडून कुणी तलवार कमरेला लावायची नाही. पिढ्यानपिढ्या तलवारीचा साज घडवणाऱ्यांचं गिऱ्हाईकच गेलं. गोतो घराण्याचं बघा, पंधराव्या शतकापासून आशिकागा, मग हिदेयोशी, मग तोकुगावा, जपानवर एकामागोमाग सत्ता गाजवणाऱ्या सगळ्यांचं काम यांच्याकडे, सोन्याची मोठी ओबान नाणीसुद्धा हेच करायचे. काहींचं काम बंदच झालं. बाकीच्यांनी तीच छिन्नी फुलदाण्या, धूपदाण्या, डब्या यांच्यावर चालवली आणि तो माल युरोप-अमेरिकेच्या प्रदर्शनांत गेला. सुझुकी चोकिचीचे ब्राँझचे बारा ससाणे १८९३ ला शिकागोत होते, आता ते जपानच्या राष्ट्रीय संग्रहात आहेत. माझा सगळ्यात आवडता कानो नात्सुओ, १८२८ चा क्योटोचा जन्म, त्सुबा कोरणारा माणूस, आणि मेइजी सरकारने नव्या नाण्यांचं डिझाइन त्यालाच दिलं. जुन्या चांदीच्या येनवरचा ड्रॅगन त्याचाच. पुढे तो टोकियोच्या कलाशाळेत प्राध्यापक झाला. त्याच्या छिन्नीची रेघ एका बाजूला खोल आणि दुसऱ्या बाजूला उथळ जाते, त्यामुळे कुंचल्याने ओढल्यासारखी दिसते.

या निर्यातीमुळे उत्तम मेइजी काम बघायचं तर बरेचदा जपानबाहेरच जावं लागायचं. क्योटोत कियोमिझुच्या उतारावर सान्नेन्झाकाला एक छोटं खाजगी म्युझियम आहे, तिथला बराचसा माल परदेशातून परत विकत आणलेला आहे. क्योटोला गेलात तर देवळाच्या गर्दीतून तासभर काढून तिथे जाच. एका शाकुदोच्या तुकड्यावर मोहरीहून बारीक हजारो ठिपके ओळीत ठोकलेले दिसतील, एकेक ठिपका हाताने, आणि एकही ओळ वाकडी नाही. मला तर ते बघून राग येतो, इतकं कसं जमतं माणसाला.

खरं-खोटं कसं ओळखायचं हे पण विचारतातच. लोखंडी नकला बहुतेक ओतीव असतात, जाळीच्या आतल्या भिंती भिंगातून बघा, पार्टिंग लाइन (साच्याच्या जोडाची रेघ) किंवा ब्लोहोल (ओतताना हवेने पडलेलं छिद्र) दिसला की खाली ठेवा. सहीवर तर अजिबात जाऊ नका. नात्सुओची खोटी सही इतकी मारलीय की सही दिसली की मी उलट जास्त सावध होते. टोकियोच्या तलवार-जतन संस्थेचे दाखले मिळतात, महागाचं घेणार असाल तर दाखला असलेलंच घ्या. पण सुरुवात बिनसहीच्या, बिनदाखल्याच्या साध्या लोखंडी त्सुबेपासून करा. दहा-वीस हजार येनमधे प्रामाणिक जुना पीस मिळतो.

आणि घासू नका! आमच्या मावशींनी एकदा अगदी प्रेमाने सुचवलं होतं की ताई, हे काळं पडलंय, पितांबरीने लख्ख करून देते. मी कपाटाला कुलूप लावलं. शाकुदोचा तो काळा थर अगदी मायक्रॉनमधे मोजावा इतका पातळ असतो, एकदा गेला की वस्तूतला जीव गेला. लोखंडावर लाल गंज असेल तर हरणाच्या शिंगाच्या तुकड्याने किंवा हाडाने हळूहळू खरवडायचा, मग सुती कपड्याने पुसत बसायचं. टीव्ही बघताना पुसते मी. महिनोन् महिने लागतात.

सध्या मी नांबान त्सुबा शोधतेय. गुंतलेल्या वेलबुट्ट्या, त्यातून डोकावणारे ड्रॅगन, परदेशी थाटाचं काम. पोर्तुगीज जहाजं गोव्याहून मलाक्का, मकाव करत नागासाकीला जायची, त्या व्यापाराने आणि नंतर डच-चिनी मालाने जी परदेशी चव जपानमधे आली त्यातून ही शैली तयार झाली. म्हणून मला हवीय, माहेर म्हापशाचं आहे ना. पण दुकानदार "ही गोव्यातलीच" म्हणाला तर मी हसून पुढे जाते, कारण पोर्तुगीजांना १६३९ मधेच जपानने बाहेर काढलं आणि बाजारात दिसणाऱ्या बहुतेक नांबान त्सुबा त्यानंतर केलेल्या आहेत. गेल्या वेळी एक आवडली होती, वेलबुट्टी दोन जागी तुटलेली, दुकानदार किंमत सोडेना. बघू, अजून तिथेच असेल तर.