हरणाऱ्या माणसावरचा अहवाल

पणजीला मांडवीत उभ्या असलेल्या एका कॅसिनो जहाजावर मी सर्व्हेलन्समध्ये काम करतो. मूळ गाव कुडाळजवळ. टेबलांवरच्या कॅमेऱ्यांवर नजर ठेवायची, वाद झाला की रेकॉर्डिंग मागे नेऊन डाव पुन्हा बघायचा, डीलरने पैसे चुकते केले ते बरोबर होते का सांगायचं, हे रोजचं काम. त्या रात्री ब्लॅकजॅक या पत्त्यांच्या खेळाच्या पिटमधून, म्हणजे टेबलांच्या भागातून, फोन आला. पाच नंबरच्या टेबलावरचा एकजण बराच वेळ दोन-दोन हजार लावतो आणि मध्येच वीस हजारांवर जातो. "पण हरतोय," पिट बॉस म्हणाला, "म्हणून घाई नाही, सवडीने बघ."

हरतोय म्हणूनच मी लगेच बघायला घेतलं. नशिबावर खेळणारा हरायला लागला की चिडून रक्कम वाढवतो आणि त्याच्या हातांत ते दिसतं. चिप्स आपटल्या जातात, पत्ता जोरात मागितला जातो. या माणसाचे हात शांत होते. रक्कम लावण्याआधी त्याची नजर दरवेळी एकाच ठिकाणी जायची: डीलरच्या उजव्या हाताशी वापरलेले पत्ते ठेवतात त्या पारदर्शक डब्याकडे. किती पत्ते संपले हे तिथे दिसतं.

एकवीसच्या पुढे न जाता डीलरपेक्षा मोठी बेरीज करायची, हा ब्लॅकजॅक. त्याचा सगळा जीव या संपलेल्या पत्त्यांतच आहे. रुलेटच्या चाकाला मागचा आकडा आठवत नाही. इथे मात्र गेलेला पत्ता पुन्हा पिसेपर्यंत परत येत नाही. लहान पत्ते आधी संपले की उरलेल्यांत दश्श्या, चित्रं आणि एक्के दाट होतात. मग ब्लॅकजॅक, म्हणजे एक्का आणि दहाच्या किमतीचा पत्ता मिळून पहिल्या दोन पत्त्यांत एकवीस, जास्त लागतात, ज्याचे खेळाडूला दीडपट मिळतात, आणि बारा ते सोळात अडकलेला डीलर जास्त वेळा फुटतो, म्हणजे एकवीसच्या पुढे जातो, कारण त्याला सतरा होईपर्यंत पत्ता घ्यावाच लागतो. 1956 मध्ये अमेरिकी सैन्यातल्या चौघांनी साध्या कॅल्क्युलेटरवर आकडेमोड करून कुठल्या हातावर थांबायचं आणि कुठल्यावर पत्ता मागायचा याचा तक्ता काढला. एडवर्ड थॉर्प या गणितज्ञाने आयबीएम 704 संगणकावर पुढचा हिशेब केला आणि गेलेले पत्ते मोजून कॅसिनोवर मात करता येते हे 1962 च्या पुस्तकात जगापुढे मांडलं. मला या माणसांबद्दल मनापासून आदर वाटतो. आमच्या विरुद्ध बाजूची असली तरी.

मोजणी ऐकायला सोपी आहे. दुर्रीपासून छक्कीपर्यंत अधिक एक, सत्ती-अठ्ठी-नव्वी शून्य, दश्शी, चित्रं आणि एक्का उणे एक. ही बेरीज उरलेल्या कॅटांच्या संख्येने भागायची, तो ट्रू काउंट. तो एकने वाढला की पारडं साधारण अर्ध्या टक्क्याने खेळाडूकडे सरकतं, आणि तक्त्याबरहुकूम खेळणाऱ्यावर मुळात कॅसिनोची आघाडीच अर्ध्या टक्क्याच्या आसपास असते. टेबलावर गप्पा मारत, ड्रिंक हातात धरून, डीलरच्या वेगाने हे न चुकता करणं मात्र महाकठीण.

मी कागदावर रकाने आखले आणि त्याच्या खेळाचं रेकॉर्डिंग पहिल्या पत्त्यापासून लावून त्याच्यासोबत मोजायला बसलो. नुसती रक्कम काउंटबरोबर वर-खाली होते एवढ्यावर मी कुणावर शिक्का मारत नाही. योगायोगाने तसं होऊ शकतं. मी इन्शुरन्स बघतो. डीलरचा एक्का उघडा असला की तो इन्शुरन्स विचारतो: लावलेल्याच्या निम्मी रक्कम वेगळी ठेवा, माझा दुसरा पत्ता दहाचा निघाला तर दुप्पट देतो. सहा कॅटचे 312 पत्ते, त्यांत दहाच्या किमतीचे 96. सौदा बरोबरीत सुटायला 104 हवेत. म्हणजे एरवी हा तोट्याचाच व्यवहार. ट्रू काउंट तीन किंवा वर गेला तरच फायद्याचा. हौशी खेळाडू याच्या उलट वागतात. हातात ब्लॅकजॅक असला की जपायला म्हणून इन्शुरन्स घेतात आणि हात भिकार असला की "यावर कशाला पैसे घालू?" म्हणून सोडतात.

या माणसाच्या हातात एकदा ब्लॅकजॅक होता, रक्कम दोन हजार, समोर डीलरचा एक्का, माझ्या कागदावर ट्रू काउंट उणे एक. डीलरने सरळ दोन हजार घेऊन मोकळं व्हायची सोय देऊ केली. त्याने मान हलवली. डीलरला राजा आला, डाव बरोबरीत, हाती काही नाही. शेजारचा हळहळलेला दिसला. पुढच्या शूमध्ये (पिसलेले सहा कॅट ठेवून ज्यातून वाटतात ती पेटी), दोनेक कॅट शिल्लक, बेरीज अधिक आठ, म्हणजे ट्रू काउंट चार. वीस हजार लावलेले, हातात दश्शी आणि चव्वी, डीलरचा पुन्हा एक्का. चौदावर कुणी इन्शुरन्स घेतं का? त्याने दहा हजार मोजून पुढे ठेवले. मग पत्ता मागितला, राणी आली, फुटला. डीलरचा दुसरा पत्ता निघाला छक्की. एका डावात तीस हजार गेले आणि त्याची नजर पुन्हा डब्याकडे.

दोन्ही वेळा पैसे गेले आणि दोन्ही वेळा निर्णय अचूक होता. मी रेकॉर्डिंग थांबवून तो क्षण पुन्हा बघितला, कामासाठी नाही, केवळ बघावासा वाटला म्हणून. हातात सोळा आणि समोर डीलरची दश्शी असताना तो कधी थांबला, कधी पत्ता घेतला. तेही काउंट शून्याच्या वर आहे की खाली, याला धरून.

शिफ्ट मॅनेजरांना फोन केला तेव्हा ते म्हणाले, "अरे, अडीच लाख हरलाय तो. त्याला बिर्याणी पाठव."

"सर, आघाडी असते शेकडा एक-दीड. एका रात्रीत ती दिसत नाही, पत्ते दोन्हीकडे फिरतात. त्याला महिनाभर बसू द्या, मग आपण हरू."

ते वर आले, कागद बघितला, स्वतः एक शू मोजला आणि गप्प झाले. मग खाली जाऊन त्यांनी त्या माणसाला सांगितलं की यापुढे शूच्या पहिल्या डावात लावाल तीच रक्कम शेवटपर्यंत लावायची. तो हसला, डीलरला टिप दिली, चिप्स घेऊन कॅशियरकडे गेला.

यावर माझं मत पक्कं आहे. खुणा केलेले पत्ते, डीलरशी संगनमत, बाहीत लपवलेलं यंत्र ही चोरी, आणि तशा माणसाला मी एक मिनिट टेबलावर टिकू देणार नाही. डोळ्यांसमोर उघडे पडलेले पत्ते डोक्यात ठेवणं ही चोरी नव्हे. अमेरिकेत न्यू जर्सी राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने 1982 मध्ये केन उस्टन या पत्ते मोजणाऱ्या खेळाडूच्या खटल्यात निकाल दिला की पत्ते मोजतो एवढ्यावरून कॅसिनोने आपण होऊन खेळाडूला बाहेर काढता येणार नाही. तिथल्याच नेवाडा राज्यात कॅसिनो काढतात, पण तिथेही नुसत्या डोक्याने मोजणं गुन्हा नाही. आपला धंदा वाचवायला खेळाच्या अटी बदलणं मी समजू शकतो. माणसाला चोर ठरवणं नाही.

म्हणून त्या रात्री एका गोष्टीवर मी अडून बसलो. अहवालाच्या नमुन्यात प्रकाराचा रकाना असतो, आणि तिथे "फसवणूक" लिहावं असा आग्रह होता, म्हणजे त्याचा फोटो फसवणाऱ्यांच्या यादीत गेला असता. मी "पत्तेमोजणी, नियमभंग नाही" असं लिहिलं, मोजणीचे सगळे कागद जोडले आणि सही केली. मॅनेजरांनी दोनदा वाचलं. मग त्याखाली स्वतःची सही केली आणि पाच नंबरच्या टेबलावर कट कार्ड, म्हणजे जिथे आलं की पत्ते पुन्हा पिसतात ती खूण, शूच्या मध्यावर आणायला सांगितलं.