पॉप-अप लावला आणि तो यूपीआयच्या मधेच उगवला: माझा अनुभव

ज्यांच्या दुकानाची छोटीशी वेबसाइट आहे आणि आता पॉप-अप (साइट बघताना मधेच वर उगवणारी ती ऑफरची खिडकी) लावायचं डोक्यात आलंय त्यांच्यासाठी लिहितेय. माझा राग पॉप-अपवर नाहीये, तो त्या पॉप-अप टूलच्या सपोर्टवर आहे, नाव घेत नाही, पण तो अजून उतरलेला नाही त्यामुळे खाली बरंचसं तेच येणार.

आमचं म्हणजे काकांचं लालबागला मसाल्याचं दुकान. मार्च ते मे सीझन. बेडगी, संकेश्वरी, काश्मिरी बघून घ्यायची, भाजायची, डंकावर कुटून वर्षाचा मसाला घेऊन जायचा, असं गिऱ्हाईक. साइट मी बघते, नोकरी सांभाळून, म्हणजे बहुतेक रात्रीच. सीझनच्या आधी काकांना कोणीतरी सांगितलं की पॉप-अप लावला की लोकांचे नंबर गोळा होतात, झालं. "अगं, साइट उघडली की लगेच समोर आलं पाहिजे, १०% सूट." आणि हाच माणूस दुकानात गिऱ्हाईक मिरचीचा देठ मोडून वास घेत नाही तोवर तोंड उघडत नाही. हे मी बोलून दाखवलं तर म्हणाले, "दुकानात आलेला माणूस लगेच पळत नाही, इथे बोट फिरवलं की गेला." बोलणं चूक नव्हतं, म्हणून मी वाद न घालता आकडे काढून बसले.

पान उघडल्यावर किती सेकंदांनी पॉप-अप यावा हा हिशोब फार अवघड नाही. ३ सेकंद, ५ सेकंद असे कोणीतरी छापलेले आकडे घेऊ नका, तुमच्या स्वतःच्या अॅनालिटिक्समध्ये (साइटवर कोण आलं, काय बघितलं याची आकडेवारी) माणूस त्या पानावर सरासरी किती थांबतो ते बघा आणि त्याच्या साधारण अर्ध्यावर सुरुवात करा, मग कमीजास्त करत जा. त्याहून बरं म्हणजे सेकंद सोडून जागा धरा. आमच्या पानावर आधी फोटो आणि भाव, मग काय काय घातलंय ती यादी, मग किती किलो मटणाला किती चमचे वगैरे. यादी वाचून जो खाली सरकला त्याला मसाल्यात रस आहे, त्याच्यासमोर या. पण "५०% स्क्रोल" असं लावू नका, लॅपटॉपवर ते ५०% यादीपाशी पडतं आणि मोबाइलवर पान लांबतं म्हणून कुठेतरी रिव्ह्यूच्या मधे. बहुतेक टूलमध्ये एखाद्या भागाला पॉप-अप बांधता येतो, तो भाग स्क्रीनवर आला की उघडतो, तसं करा.

काकांचं "लगेच समोर" का नाही, तर गूगलने ऑगस्ट २०१६ मध्ये जाहीर करून १० जानेवारी २०१७ पासून लागू केलं की सर्चमधून मोबाइलवर येणाऱ्या माणसाच्या तोंडावर सगळा मजकूर झाकणारा पॉप-अप टाकला तर ते पान सर्चमध्ये खाली जाऊ शकतं. कुकीची (साइट ब्राउझरमध्ये ठेवते ती छोटी नोंद) परवानगी किंवा वय विचारणं यांना सूट आहे, आणि थोडीच जागा घेणारी, सहज बंद होणारी पट्टी चालते. काकांना मी एवढंच सांगितलं की गूगल खाली ढकलेल. लगेच पटलं.

हे सगळं एका संध्याकाळी लावून झालं. नंबरही यायला लागले. काका खूश.

मग एका दुपारी दुकानाच्या फोनवर वसईच्या एक मावशी. "ताई, पैसे गेले, मसाला कुठाय?" दोन किलो मालवणी आणि अर्धा किलो गोडा. त्यांच्या बँकेतून कापलेले, पेमेंटवाल्यांच्या डॅशबोर्डवर पैसे दिसतायत, आमच्याकडे ऑर्डर मात्र नाही. मी विचारलं, मावशी, पिन टाकल्यावर स्क्रीनवर काय आलं होतं? "तुमची ती सूट आली ना परत. निघालात का, थांबा, १०% सूट म्हणून. मी म्हटलं आत्ता तर पैसे दिले, आता कसली सूट, म्हणून बॅक केलं."

डोकं सुन्न. म्हणजे पैसे देताना मधेच आमचाच पॉप-अप.

हे कसं होतं ते समजून घ्या, कारण तुमच्याकडेही होऊ शकतं. माणूस जायला निघाला की उघडणारा जो प्रकार असतो, एक्झिट इन्टेन्ट, तो कॉम्प्युटरवर माउसवर चालतो, बाण टॅब बंद करायला वरच्या कडेकडे निघाला की टूलला कळतं. मोबाइलवर माउसच नाही. मग टूल अंदाज बांधतं, भरभर वर स्क्रोल केलं, बॅक दाबलं, किंवा ब्राउझर झाकला जाऊन परत उघडला म्हणजे हा गेला होता. आता आपल्याकडे पैसे कसे देतात? ब्राउझरमधून यूपीआयच्या अॅपमध्ये, पिन, परत ब्राउझर. ओटीपी बघायला मेसेजमध्ये गेलात तरी तेच. त्या टूलच्या लेखी प्रत्येक पैसे देणारा माणूस साइट सोडून गेलेला. आणि हा पर्याय "मोबाइल ऑप्टिमायझेशन" अशा गोड नावाखाली आधीपासून टिक केलेला येतो.

त्याच रात्री तो बंद केला. पण चेकआउटवर, म्हणजे पैसे भरायच्या पायरीवर, पॉप-अप दाखवू नको असा नियम मी पहिल्या दिवसापासून लावलेला होता, तो नियम असताना हा आलाच कसा, हे कळल्याशिवाय बाकीच्यांवर भरवसा कसा ठेवणार, उद्या सेकंदवाला उगवेल. वर्षाचे पैसे भरलेले. म्हणून सपोर्टला तिकीट टाकलं, म्हणजे तक्रार नोंदवली.

उत्तर मध्यरात्रीनंतर, कारण त्यांची दुपार तेव्हा. कॅश (ब्राउझरने साठवलेलं जुनं) क्लिअर करा आणि इनकॉग्निटोमध्ये (जुनं काही न वापरणारी खाजगी खिडकी) बघा. अहो, वसईच्या मावशींनी इनकॉग्निटोमध्ये मसाला घ्यायचा का? तरी केलं, लिहिलं. पुढच्या रात्री दुसराच माणूस, साइटचा पत्ता द्या, जो पहिल्या ओळीत होता. मग तिसरा, आम्ही तपासलं, सगळं व्यवस्थित चालतंय. कुठे तपासलंत? कॉम्प्युटरवर. तिथे क्यूआर येतो, फोनने स्कॅन करायचा, ब्राउझर जागचा हलतच नाही, मग बिघाड दिसणार कसा! हे मी समजावून लिहिलं, यूपीआय म्हणजे काय इथपासून. त्यावर, स्क्रीन रेकॉर्डिंग पाठवा.

इथे खरी गंमत. यूपीआयची अॅप पिनच्या वेळी रेकॉर्डिंग करू देत नाहीत, सुरक्षेसाठी, आणि ते बरोबरच आहे. त्यामुळे व्हिडिओत मधला भाग काळा. पाठवला, खाली कारणही लिहिलं. उत्तर आलं, तुमचा व्हिडिओ मधे ब्लँक आहे, कृपया पुन्हा पाठवा. शेवटी घरी भावाला त्याच्या फोनने माझा फोन शूट करायला बसवलं, पिन टाकताना माझा हात आडवा, आईला वाटलं आम्ही रील करतोय. तो व्हिडिओ पाठवला शुक्रवारी. सोमवारी मेल, तुमच्याकडून प्रतिसाद न आल्याने तिकीट बंद करत आहोत. नवीन तिकीट टाकलं तर पहिलं उत्तर काय, कॅश क्लिअर करा.

कारण शेवटी मीच शोधलं. संध्याकाळी कुर्ल्याच्या पुढे ट्रेन जरा रिकामी झाली तेव्हा स्वतःच्या साइटवर पाव किलो हळद घेत होते आणि सहज वर अॅड्रेस बारकडे लक्ष गेलं. चेकआउट उघडलं होतं पण पत्ता हळदीच्या पानाचाच! आमच्या थीममध्ये (साइटचं तयार डिझाइन) चेकआउट म्हणजे वेगळं पान नाहीच, त्याच पानावर उजवीकडून एक पॅनल सरकत येतं. आणि त्यांचा "चेकआउटवर नको" हा नियम फक्त पत्ता बघतो. म्हणजे त्याच्या दृष्टीने आमच्या साइटवर चेकआउट कधी आलंच नाही. वर पॉप-अपला सगळ्यांच्या वरचा थर दिलेला, म्हणून तो पैशाच्या खिडकीवरही चढून बसतो. हे त्यांना एखाद्या फोनवर साइट उघडली असती तर एका मिनिटात दिसलं असतं.

उपाय त्यांच्याकडे होता, कार्टमध्ये वस्तू असेल तर दाखवू नको अशी अट, पण ती वरच्या प्लॅनमध्ये. मी पैसे भरले नाहीत. ऑफिसातल्या एका डेव्हलपर मित्राने थोड्या ओळी लिहून दिल्या, कार्टमध्ये काहीही पडलं की पॉप-अप बंद, कुठलाही असो, आणि हे मला आता इतकं पटलंय की प्लॅन कुठलाही घ्या, ही अट आधी लावा. काकांना सेकंदांपेक्षा हे लवकर समजलं, पूर्ण पैसे द्यायला निघालेल्या माणसाला अडवून आपण सूट देत होतो म्हणून. सपोर्टला उपाय कळवला, त्यांनी आभार मानले, टीमकडे पाठवतो म्हणाले आणि आमची सेवा कशी वाटली असा पॉप-अप दाखवला. मावशींचं पेमेंट हाताने जुळवून मसाला कुरिअरने गेला, वर काकांनी पाव किलो लाल तिखट घातलं.

आता बाकीचं, आठवेल तसं.

फुलीचं बटण मोठं ठेवा. बोटाने दाबायच्या बटणाला अॅपल निदान ४४ पॉइंट सांगतं, अँड्रॉइड ४८ डीपी (स्क्रीनवरची मापं). टूलच्या तयार डिझाइनमध्ये फिकट राखाडी बारीक फुली असते, लोकलमध्ये एका हाताने दांडा धरून ती दाबून बघा. आणि आपल्याकडे लोक फुली शोधतच नाहीत, थेट बॅक दाबतात, मावशींनी केलं तसं, तर बॅकने पॉप-अपच बंद व्हायला हवा, साइट नाही. हे डेव्हलपरला मुद्दाम सांगावं लागतं.

नंबर लिहायला कीबोर्ड वर आला की बटण खाली गडप होतं का तेही बघा, आमचं होत होतं. आणि एकच रकाना ठेवा. नाव, ईमेल, वाढदिवस कशाला? आमच्याकडे ईमेल कोणी देत नाही, व्हॉट्सअॅप नंबर देतात, खाली आम्ही लिहिलंय की यावर फक्त सीझन सुरू झाल्याचा मेसेज येईल, आणि खरंच तेवढाच पाठवतो.

"एकदा बंद केला की ३० दिवस दाखवू नको" यावर फार विसंबू नका. इन्स्टाग्रामवरून लिंक दाबली की साइट इन्स्टाग्रामच्याच आतल्या ब्राउझरमध्ये उघडते, तिथली आठवण वेगळी आणि क्रोमची वेगळी, म्हणून तोच माणूस दोनदा बघतो. आयफोनच्या सफारीत तर स्क्रिप्टने ठेवलेली कुकी ७ दिवसांत उडते, ३० लिहा नाहीतर ३००. यावर आम्ही केलं ते असं की इन्स्टाग्रामवरून येणाऱ्यांना पॉप-अप नाहीच, त्यांना वर बारीक पट्टी.

पट्टी हे प्रकरण मला फार आवडलं खरं तर. पावसात मिरची वाळत नाही म्हणून जूननंतर ऑर्डर घेत नाही, डिलिव्हरीला किती दिवस, हे सगळं पट्टीत. आधीपासून तिची जागा राखून ठेवा, नाहीतर ती मागाहून येते, पान खाली सरकतं आणि माणूस भलतंच बटण दाबतो.

नकाराच्या बटणावर टोमणे नकोत. टूलमध्ये "नको, मला महागच आवडतं" छापाची वाक्यं तयार मिळतात. केंद्राच्या ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ ला डार्क पॅटर्नबद्दल मार्गदर्शक सूचना काढल्यात, त्यात १३ प्रकार आहेत आणि असं लाजवणं, पुन्हा पुन्हा मागे लागणं, खोटी घाई करणं, तिन्ही त्यात येतात. पान रिफ्रेश केलं की परत १५ मिनिटांपासून सुरू होणारं घड्याळ म्हणजे खोटी घाईच. आमच्या बटणावर नुसतं "नको" आहे.

सगळ्यात चांगला चालणारा पॉप-अप म्हणजे जो माणूस स्वतः उघडतो. "चार माणसांना वर्षाला किती मसाला लागेल?" असं एक साधं बटण यादीखाली ठेवलंय, दाबलं की छोटी खिडकी, अंदाज, आणि हवं तर नंबर द्या. नंबर बहुतेक आता तिथूनच येतात. १०% वाला काकांच्या आग्रहाखातर आहे.

हां, आणि ऑफरची शेवटची तारीख टूलमध्ये टाकाल तेव्हा टूलचं घड्याळ कुठलं ते बघा. आमचं लंडनच्या हिशोबाचं निघालं, रात्री १२ ला संपणारी सूट आपल्याकडे पहाटे साडेपाचपर्यंत चालू, आणि उन्हाळ्यात तिकडचं घड्याळ पुढे सरकवलेलं असेल तर साडेचार. काकांना अजून सांगितलेलं नाही.