दुधाच्या पिशवीतला निर्गम उतारा

गेल्या वर्षीची दिवाळी नुकतीच सरली होती. सकाळी सहाच्या सुमारास रेल्वे पोलिसांतल्या एक ताई एका मुलीला घेऊन आमच्या निवारागृहात आल्या. लातूर-मुंबई गाडीतून ती पहाटे पुणे स्टेशनवर उतरली आणि फलाटावरच्या बाकावर नुसती बसून राहिली. कुणीतरी 1098 ला, म्हणजे मुलांच्या मदतवाहिनीला, फोन केला.

मुलीचं नाव सांगत नाही, गावही नाही. बाल न्याय अधिनियमाच्या कलम 74 प्रमाणे ओळख उघड करता येत नाही, आणि कायदा नसता तरी मी सांगितलं नसतं. वय पंधरा.

मुलगी आल्या आल्या तिला काही विचारायचं नाही, हे नव्याने कामाला लागणाऱ्या बायकांना मीच शिकवते. आधी गरम पाणी, धुतलेले कपडे, चहा-चपाती, झोप. त्या दिवशी मात्र माझ्याच तोंडून निघून गेलं, "घरी सांगून आलीस का गं?" तिनं चहाचा पेला खाली ठेवला, चपला घातल्या आणि दाराशी जाऊन उभी राहिली. त्या चुकीची बोच अजून जात नाही. मी उंबऱ्याशी बसले, गप्प. बऱ्याच वेळाने तीही बसली. पोटाशी धरलेली दुधाची धुतलेली पिशवी तिनं उघडली, रबर काढलं आणि चार घड्या घातलेला कागद माझ्या हातात दिला. शाळेचा निर्गम उतारा, म्हणजे शाळेच्या नोंदवहीतली तिची नोंद, जन्मतारखेसकट.

"मावशी, आधारवर माझं वय वाढवून घेतलंय. खरं ह्यात आहे."

लग्न आठवड्यावर आलं होतं.

वयाचा वाद निघाला की त्याच कायद्याच्या कलम 94 प्रमाणे आधी शाळेची जन्मतारीख धरतात. ती नसेल तर ग्रामपंचायतीचा किंवा पालिकेचा जन्मदाखला, आणि दोन्ही नसतील तरच वैद्यकीय चाचणी. आधार त्या क्रमात कुठेच नाही. पोरीला यातलं काही ठाऊक नव्हतं. अठराच्या आत लग्न लावणं गुन्हा आहे, असं शाळेतल्या बाई वर्गात म्हणाल्या होत्या. तेवढ्यावर तिनं कागद शोधला आणि गाडी पकडली.

मूल सापडल्यापासून प्रवासाचा वेळ सोडून 24 तासांत त्याला बालकल्याण समितीपुढे न्यावं लागतं. मधे वैद्यकीय तपासणी, अहवाल, घरच्यांना निरोप. दुसऱ्या दिवशी पहाटेच्या आत हे बसवायचं म्हणून संध्याकाळीच आम्ही रिक्षाने निघालो. संगम पुलावर तिनं माझा हात धरला, तो समितीच्या दारापर्यंत सोडला नाही.

वडील आणि चुलते पोचले होते. चुलत्यांनी आधार पुढे केलं. समितीच्या ताईंनी ते बाजूला ठेवलं आणि उताऱ्यावरची तारीख मोठ्याने वाचली.

वडील एवढंच म्हणाले, "आमी तोडीला जातो सहा महिने. जाणती पोर कुणाच्या भरवशावर ठिवायची?" या प्रश्नाला माझ्याकडे सोपं उत्तर नाही. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात, उचलही, म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम, जोडीला मिळते. लग्न लावलं की काळजी मिटते आणि कोयताही वाढतो. अशा बापाला नुसतं दटावून काय होणार? मुलीला ठेवायला जागा हवी. म्हणून वसतिगृहाचा विषय मी तिथेच काढला, आणि समितीने तो नोंदवून घेतला. गावच्या ग्रामसेवकांना, म्हणजे बालविवाह प्रतिबंधक अधिकाऱ्यांना, लग्न थांबवण्याचं पत्र गेलं. मुलगी तिच्या जिल्ह्याच्या समितीकडे जाईपर्यंत आमच्याकडेच राहणार असं ठरलं.

निघताना वडिलांनी तो उतारा मागून हातात घेतला. त्यांना वाचता येत नव्हतं. शिक्क्यावरून अंगठा फिरवत ते म्हणाले, "ह्ये कुटं व्हतं?"

"तुमच्याच पेटीत," ती म्हणाली. "रेशनकार्डाच्या आत."