तुम्ही विचारलंत म्हणून: कान कसा तयार होतो?

"मुलांना शास्त्रीय संगीताची गोडी कशी लावायची? कोणापासून सुरुवात करू? एक यादी द्या ना." गाण्याच्या जवळ वावरणाऱ्या प्रत्येकाला हा प्रश्न कुणी ना कुणी विचारतंच. हल्ली त्याला आणखी एक शेपूट असतं: "आणि आमचं काय? या वयात कान तयार होईल का?"

यादी देता येते, पण यादी वाचून गाण्याला लागलेली माणसं मला फारशी दिसलेली नाहीत. आवड लागते ती शेजारी बसून ऐकणाऱ्या माणसामुळे. घरात मांडीवर ताल धरणारं एक जरी माणूस असेल, स्वयंपाक करता करता समेला, म्हणजे तालाच्या पहिल्या ठोक्याला, जिची मान हलते अशी एक जरी बाई असेल, तर मुलाचं अर्धं शिक्षण तिथेच होतं. गाण्यात कुठे काहीतरी घडलं, हे मुलाला आधी त्या माणसाच्या चेहऱ्यावर कळतं आणि मग कानाला. म्हणून माझं पहिलं उत्तर असं, की मुलाला ऐकवू नका. तुम्ही ऐका आणि त्याला जवळपास खेळू द्या.

दुसरी गोष्ट पुनरावृत्तीची. पुणे आकाशवाणीवर १ एप्रिल १९५५ला, रामनवमीच्या दिवशी, गीतरामायण सुरू झालं. दर आठवड्याला एक गीत, अशी छप्पन्न गीतं वर्षभर चालली. पुढे ध्वनिमुद्रिका आल्या, सुधीर फडक्यांचे गावोगावी कार्यक्रम झाले. ज्यांनी यमनकल्याण हे नावही कधी ऐकलं नव्हतं, त्यांच्या कानात तो राग राम भरताची समजूत घालतो त्या गीतातून कायमचा बसला. तीच चाल शंभरदा कानावर पडलेली होती, म्हणून हे झालं. आज आपण मुलाला रोज नवं काहीतरी ऐकवायला जातो आणि तिथेच चुकतं. एकच ध्वनिमुद्रण घ्या, पंधरा दिवस रोज लावा. आठवड्याभराने मूल पुढची जागा, म्हणजे सुरांचं खास वळण, यायच्या आधीच ती गुणगुणायला लागतं. पुढे काय येणार याचा अंदाज बांधता येऊ लागला की गाण्यात रस उत्पन्न होतो. तोवर ते नुसतं कानावरून जातं.

ध्वनिमुद्रण छोटं असावं. जुन्या ७८ आरपीएमच्या तबकडीवर एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं मावायची, त्यामुळे गायकाला अख्खा राग त्यात बसवावा लागे. नवख्या कानाला याहून चांगलं काही नाही. लहानपणी ऐकलेल्या अब्दुल करीम खाँसाहेबांच्या तबकडीने भीमसेन जोशींना वेड लावलं आणि १९३३ साली, अकराव्या वर्षी, ते गुरूच्या शोधात घर सोडून निघाले. पण त्याआधी घरात आईची भजनं होतीच, कान भिजलेला होता. पुढे ज्यांच्याकडे ते शिकले ते सवाई गंधर्व हे या खाँसाहेबांचेच शिष्य, आणि रंगभूमीवर गाजलेले नटही. भजन, तबकडी, गुरू, नाटक असे हे धागे एकमेकांत गुंतलेले असतात. बहुतेक मराठी श्रोत्यांच्या आवडीची वीण अशीच निघेल, फक्त कुणाकडे तबकडीच्या जागी रेडिओ असेल, कुणाकडे गल्लीतला गणेशोत्सव.

आता प्रत्यक्ष काय करायचं ते. बडा ख्याल, म्हणजे संथ लयीतलं लांबलचक गाणं, बाजूला ठेवा. किराणा घराण्याचा अतिविलंबित, म्हणजे अगदी संथ, एकताल घेतलात तर बारा मात्रांचं एक आवर्तन, म्हणजे तालाचा एक फेरा, मिनिटभरसुद्धा चालतं आणि नवख्याला सम कुठून आली, कुठे गेली, पत्ता लागत नाही. तीनतालातला मध्यलयीचा छोटा ख्याल घ्या, सात-आठ मिनिटांचा. आधी राग नको, ताल पकडा. मात्रा, म्हणजे तालाचे ठोके, सोळा, चार-चारांचे चार भाग. पहिल्या, पाचव्या आणि तेराव्या मात्रेला टाळी, नवव्याला खाली, म्हणजे हात नुसता बाजूला. ठेका, म्हणजे तालाचे तबल्यावरचे बोल, मोठ्याने म्हणा:

धा धिं धिं धा । धा धिं धिं धा । धा तिं तिं ता । ता धिं धिं धा

आता डग्ग्याकडे, म्हणजे तबल्याच्या जोडीतल्या डाव्या हाताच्या घुमणाऱ्या वाद्याकडे, कान लावा. दहाव्या मात्रेला त्याचा घुमारा बंद होतो. दहा ते तेरा अशा चार मात्रा नुसता उजव्या हाताचा तबला बोलतो, आणि चौदाव्या मात्रेला, त्या 'धिं'वर, डग्गा परत येतो. पंधरा, सोळा आणि पुढची सम. हे डग्ग्याचं परत येणं एकदा ओळखू आलं की बोटं मोजायची गरजच उरत नाही. त्यातून बरेचसे छोटे ख्याल खालीपासूनच उठतात. मुखडा, म्हणजे बंदिशीची सुरुवातीची ओळ, उचलला, डग्गा परतला, सम आली, असा तो प्रवास सहा-सात वर्षांच्या मुलालाही सापडतो. आणि ते समेवर तुमच्याबरोबर टाळी देतं तेव्हा त्याला झालेला आनंद कुठल्याही यादीने द्यायचा नाही.

हे सगळं मोबाइलच्या स्पीकरवर होत नाही. इथेच बहुतेक घरांत घोटाळा होतो आणि मग "मुलाला आवडतच नाही" असा निष्कर्ष निघतो. काळी एकमध्ये, म्हणजे पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीच्या सुरात, गाणाऱ्या गायकाचा षड्ज, म्हणजे 'सा', साधारण १३९ हर्ट्झ, तंबोऱ्याची खर्जाची, म्हणजे खालच्या 'सा'ची, तार त्याच्या निम्मी, म्हणजे ६९. मोबाइलचा स्पीकर इतक्या खाली जवळजवळ पोचतच नाही. डग्ग्याचा घुमार जातो, खर्ज जातो, उरतो तो पातळ आवाज आणि तबल्याची टकटक. ज्या खुणेवर ताल ओळखायचा तीच गायब. बरासा स्पीकर जोडा किंवा हेडफोन द्या. जुनं, साधंच साधन चालेल, खालचा आवाज मात्र आला पाहिजे.

ताल हाताशी आला की राग. भूप घ्या, पाचच स्वर: सा रे ग प ध. पंधरा दिवस भूप ऐकून झाला की देशकार लावा. त्यातही तेच पाच स्वर. काही सांगू नका, फक्त विचारा, "हे तेच आहे का?" भूप गंधारावर ('ग') येऊन विसावतो, त्याची वस्ती सप्तकाच्या खालच्या अंगात. देशकार धैवताभोवती ('ध') फिरतो, वरच्या अंगात, आणि रिषभाला ('रे') जेमतेम स्पर्श करून पुढे जातो. एक रात्रीच्या पहिल्या प्रहराचा, दुसरा सकाळचा. मुलं हा फरक नाव न घेता सांगतात: "हे वर-वर जातंय." एवढं पुरे. इथे "सांग बघू, राग कुठला?" अशी परीक्षा सुरू केलीत की मूल गाणं सोडून तुमच्या तोंडाकडे बघू लागतं. पाहुण्यांसमोर तर हे कधीच करू नका.

घरात तंबोरा लावून ठेवावा, यंत्रातला असला तरी चालेल. मूल सहज गुणगुणतं त्या पट्टीत, सकाळी दहा-पंधरा मिनिटं. पहिली तार पंचमाची ('प'), मधल्या दोन जोडीच्या, म्हणजे 'सा'च्या, शेवटची खर्जाची. मालकंसासारख्या रागात पंचमच नाही, तिथे पहिली तार मध्यमाला ('म') लावतात. खर्जाच्या तारेतून, जवारी, म्हणजे तारेला झंकार देणारी घोडीवरची रचना, नीट असेल तर, गंधार आपोआप ऐकू येतो. तो शोधायला लावा. हार्मोनियमचा गंधार याच्यापेक्षा सुमारे चौदा सेंट चढा असतो, म्हणजे अर्धस्वराच्या सातव्या हिश्श्याइतका. केवळ पेटीवर वाढलेल्या कानाला तोच खरा वाटू लागतो. आकाशवाणीने १९४०पासून १९७१पर्यंत पेटीला बंदी घातली होती, ती मला अतिरेकी वाटते. पेटीने महाराष्ट्रात घरोघरी गाणं पोचवलं. पण पहिला स्वर तंबोऱ्यावर लागावा, हे मी आग्रहाने सांगेन.

वयाचं म्हणाल, तर कुमार गंधर्वांकडे बघा. लहानपणीच नाव झालेला हा गवई क्षयाने आजारी पडून १९४८ला देवासला गेला. काही वर्षं गाणं बंद. त्या काळात कानावर पडत राहिली ती माळव्यातली लोकगीतं, आसपासच्या बायाबापड्यांच्या तोंडची. त्या गीतांच्या धुनांतून पुढे कुमारांनी नवे राग बांधले. इतक्या तयार कानालाही पंचविशीत नवी आवड लागली, कारण ऐकण्याखेरीज दुसरं काही करता येत नव्हतं. तुम्हाला पन्नाशीत अडचण आली तर ती बहुधा वयाची नसेल, ऐकता ऐकता हातात दुसरं काम असेल त्याची असेल. रोज वीस मिनिटं काढा, पण हात रिकामे ठेवून. आणि एक सोबती शोधा. दोघांनी एकच ध्वनिमुद्रण ऐकायचं आणि आपल्याला आवडलेली जागा मिनिट-सेकंदासकट एकमेकांना सांगायची. सुरुवातीला म्हटलं त्या शेजारी बसून ऐकणाऱ्या माणसाचं काम तो करतो.

मैफलीला मुलाला नेणार असाल तर बहुतेक आईवडील करतात त्याच्या उलट करा. ते सुरुवातीला नेतात, बडा ख्याल चालू असताना मूल कंटाळतं आणि मध्यंतरात सगळे घरी येतात. त्याला मध्यंतरानंतर न्या. तेव्हा छोटे ख्याल, नाट्यपद, अभंग असं काही येतं आणि शेवटी भैरवी. तबलजी बहुधा गायकाच्या उजव्या हाताला बसतो, म्हणजे आपल्या डावीकडे. तिथे पुढच्या रांगेत जागा धरा, डग्गा जवळून ऐकू येतो. मूल झोपलं तर झोपू द्या. बाहेर न्यावंच लागलं तर चालू असलेली चीज, म्हणजे बंदिश, संपल्यावर उठा, मध्ये नको.