श्रेयनामावली सरकवताना

आमचा १८ मिनिटांचा लघुपट एडिट होऊन तयार होता, राहिली होती ती शेवटची श्रेयनामावली. एका संध्याकाळचं काम म्हणून बसले आणि चार दिवस लागले. ते मी मनापासून दिले. लघुपटात कुणालाच मानधन नव्हतं. रात्र रात्र दिवे धरून उभ्या राहिलेल्या माणसाला आमच्याकडून मिळणार होतं ते पडद्यावरचं त्याचं नाव, आणि ते वाचताच आलं नाही तर त्याच्या हातात काय पडलं?

पहिला प्रयत्न साधा होता. सॉफ्टवेअरमध्ये खालून वर सरकणाऱ्या मजकुराचा तयार साचा होता. त्यात यादी चिकटवली आणि क्लिप ७० सेकंदांपर्यंत ताणली, कारण शेवटचं संगीत तेवढंच होतं. प्ले केलं तर देवनागरी मोडलेली. ‘दिग्दर्शन’मधली वेलांटी ‘द’च्या पुढे गेलेली, ‘ग्’ पाय मोडून वेगळा पडलेला, रफार डोक्यावरून उतरून सुटा ‘र्’ झालेला. शिवाय सगळी अक्षरं वर जाताना थरथरत होती.

देवनागरीचं कारण लवकर सापडलं. आपण अक्षरं ज्या क्रमाने टाइप करतो त्याच क्रमाने ती दिसत नाहीत. ऱ्हस्व वेलांटी मागाहून टाइप होते पण आधी दिसते, रफार पुढच्या अक्षरावर चढतो. ही जुळणी करणारी सोय सॉफ्टवेअरमध्ये असावी लागते. प्रीमियर प्रो या एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये दक्षिण आशियाई लिप्यांसाठीचा पर्याय सेटिंगमध्ये निवडता येतो. माझ्या सॉफ्टवेअरमध्ये तसं काही मिळालं नाही, म्हणून मी यादी इंकस्केप या चित्रं काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये मांडली. तिथे जोडाक्षरं नीट उमटली. डाव्या चौकटीत कामं, उजवीत नावं, मध्ये थोडी मोकळी जागा. कामं उजवीकडे टेकवली आणि नावं डावीकडे, म्हणजे दोन्ही एकाच मधल्या रेषेला भिडतात. स्पेस देऊन ओळी जुळवायच्या फंदात पडू नये, एक नाव बदललं की सगळं हलतं. मग पारदर्शक पार्श्वभूमी ठेवून एकच लांबलचक पीएनजी, म्हणजे चित्राची फाइल, काढली, १९२० पिक्सेल रुंद आणि ४९२० उंच. एडिटिंगच्या टाइमलाइनवर टाकताच ती पडद्यात मावेल एवढी आक्रसली. आपोआप आकार बदलण्याचा पर्याय बंद करून ती १०० टक्क्यांवर आणली.

थरथर मात्र तशीच होती. तिने माझे दोन दिवस घेतले, आणि मला सांगावंसं वाटतं ते खरं तर हेच.

चित्र पडद्याच्या खालून सुरू होऊन वरून पूर्ण बाहेर जायचं, म्हणजे ४९२० अधिक पडद्याच्या उंचीचे १०८०, एकूण ६००० पिक्सेलचा प्रवास. आमचा लघुपट सेकंदाला २५ फ्रेमचा, म्हणजे २५ स्थिर चित्रांचा, म्हणून ७० सेकंदांत १७५० फ्रेम. भागाकार केला तर दर फ्रेमला साधारण ३.४३ पिक्सेल. दुखणं या अपूर्णांकात होतं. अक्षराची आडवी कड एका फ्रेममध्ये पिक्सेलच्या ओळीवर नेमकी बसते, पुढच्या फ्रेममध्ये दोन ओळींच्या मध्ये पडते. मग ती क्षणात ठसठशीत, क्षणात धूसर दिसते. देवनागरीत तर प्रत्येक शब्दावर शिरोरेखा, म्हणजे लांब आडवी रेघच. बारीक फॉन्टमध्ये ती अक्षरशः लुकलुकत होती.

म्हणून सेकंद आधी ठरवायचेच नाहीत. आधी दर फ्रेमला किती पूर्ण पिक्सेल सरकायचं ते ठरवायचं, वेळ त्यातून निघते. ४ पिक्सेल धरले तर १५०० फ्रेम, ६० सेकंद. ३ धरले तर २००० फ्रेम, ८० सेकंद. चारच्या वेगाने एक ओळ पडद्यावर १०.८ सेकंद राहते, तीनच्या वेगाने १४.४. दोन्ही पाहिले आणि तीन घेतला. चारच्या वेगात काम वाचून नावाकडे वळेपर्यंत डोळ्यांची धावपळ होत होती. संगीत करणाऱ्या मित्राला दहा सेकंद वाढवून मागितले, त्याने त्याच रात्री दिले.

चित्राची सुरुवातीची आणि शेवटची जागा ठरवणाऱ्या खुणा म्हणजे की-फ्रेम, त्या दोन्हींमधली चाल एकसारखी ठेवायची. सुरुवातीला आणि शेवटी हळू होणारी चाल निवडलेली असेल तर सगळा हिशेब वाया जातो. फॉन्टही मी थोडा जाड घेतला.

एवढं करूनही लॅपटॉपवर बारीक हिसका जाणवत होता, आणि इथे मी जवळजवळ हरले होते. पण दोष फाइलमध्ये नव्हता. लॅपटॉपचा पडदा सेकंदाला ६० वेळा ताजा होतो, त्यात २५ फ्रेम सारख्या बसत नाहीत. काही फ्रेम दोनदा दिसतात, काही तीनदा. पडदा ५० हर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला ५० वेळा ताजा होईल असा, ठेवून पाहिलं, तर नावं पाण्यावरून जावीत तशी वर गेली.

यादी आधी प्रत्येकाकडे पाठवली होती, आपलं नाव आपणच लिहून द्या म्हणून. तरी शेवटच्या दिवशी ध्वनीमुद्रण करणाऱ्या मैत्रिणीच्या आडनावात दीर्घच्या जागी ऱ्हस्व वेलांटी सापडली. ती चूक माझ्या टायपिंगची होती. इंकस्केपमध्ये दुरुस्त केली, त्याच मापाची पीएनजी त्याच नावाने पुन्हा काढली. उंची ४९२० च राहिल्यामुळे की-फ्रेमना हात लावावा लागला नाही. एक्स्पोर्ट झाल्यावर त्या ओळीवर थांबवून तिला दाखवलं. तिने बोट ठेवून आडनाव वाचलं आणि म्हणाली, आता बरोबर.