एकाच वाक्यात दोन वाटा नकोत : एसओपीचं इंग्रजी नीट करताना

दिंडोरी रस्त्यावरच्या एका द्राक्षांच्या पॅकहाउसमध्ये मी कागदपत्रांचं काम बघते. युरोपला माल पाठवायचा म्हणजे फवारणीच्या नोंदी, रेसिड्यू रिपोर्ट (फळात औषधाचा किती अंश उरलाय त्याची तपासणी), फायटोसॅनिटरी सर्टिफिकेट (मालावर कीड-रोग नसल्याचा सरकारी दाखला) हे सगळं लागतंच. शिवाय कोणतं काम कसं करायचं हे सांगणारी एसओपी लागते; आमच्याकडे ती इंग्रजीत आहे. ग्लोबलगॅप या शेतमालाच्या आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्राच्या ऑडिटआधी ती फाइल नीट करायचं काम माझ्याकडे आलं. बऱ्याच हंगामांत, बऱ्याच हातांनी लिहिलेली फाइल. कुणाचंच इंग्रजी वाईट नव्हतं. अडचण अशी, की एकाच वाक्यात दोघा-तिघांचे तुकडे जोडलेले होते.

हात धुण्याच्या पानावरचं हे वाक्य बघा : ‘द वर्कर शुड वॉश देअर हँड्स, यू मस्ट वेअर अ कॅप अँड नेल्स आर टू बी कट.’ तीन तुकडे, तिन्ही सुटे वाचले तर चालण्यासारखे. पण पहिल्यात कामगाराबद्दल बोलणं चाललंय, दुसऱ्यात थेट वाचणाऱ्यालाच सांगितलंय, आणि तिसऱ्यात नखं कुणी कापायची त्याचा पत्ताच नाही. वर ‘शुड’, ‘मस्ट’ आणि ‘आर टू बी’ अशी सक्तीची तीन वेगळी मापं. एकवचनी वर्करला ‘देअर’ लावलंय ते मात्र हल्लीच्या इंग्रजीत चालतं, त्यात काही वावगं नाही.

आमच्या पंचवटीत इंग्रजीचे एक निवृत्त शिक्षक राहतात. संध्याकाळी ते सार्वजनिक वाचनालयात येतात. १८४० सालचं ते वाचनालय; तिथल्या टेबलावर फाइल पसरून मी त्यांना विचारलं, “सर, दोन्ही बरोबर असेल तर ठेवू कोणतं?”

“कोणतंही ठेव गं,” ते म्हणाले, “पण वाक्य ज्याच्या तोंडून सुरू केलंस त्याच्याच तोंडून संपव. आणि सगळं एकाच वाचनात शोधू नकोस. एका वाचनात फक्त क्रियापदं बघ.”

हा सल्ला मला फार उपयोगी पडला. एकदा पेन्सिल घेऊन नुसती क्रियापदं अधोरेखित केली. पुढच्या वाचनात ‘ही’, ‘यू’, ‘वी’, ‘दे’ असे शब्द. त्यानंतर याद्या. वरचं वाक्य शेवटी असं झालं : ‘ऑल वर्कर्स शॅल वॉश देअर हँड्स, वेअर कॅप्स अँड कीप देअर नेल्स शॉर्ट.’ एकच कर्ता, एकच ‘शॅल’, आणि त्याच्यामागे वॉश, वेअर, कीप ही एकाच रूपातली तीन क्रियापदं. ‘शॅल’ मुद्दाम घेतलं. आयएसओ या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या मानकांत ‘शॅल’ म्हणजे बंधन आणि ‘शुड’ म्हणजे शिफारस. एका ओळीत हे आणि दुसऱ्या ओळीत ते असलं, तर टोपी सक्तीची आणि हात धुणं ऐच्छिक असा अर्थ निघतो. ऑडिटरने तसा तो काढला तर त्याला दोष देता येणार नाही.

याद्यांचं काम पटकन उरकलं. ‘चेकिंग द बेरी साइज, टू रिमूव्ह डॅमेज्ड बेरीज अँड वेइंग’ यात मधलं ‘टू रिमूव्ह’ पंक्तीबाहेर पडलंय. त्याचं ‘रिमूव्हिंग’ केलं की झालं.

वेळ खाल्ला तो कर्ता आणि क्रियापद जुळवण्याने. ‘द टेम्परेचर ऑफ द बॉक्सेस इन द प्रीकूलिंग चेंबर्स आर चेक्ड एव्हरी अवर.’ इथे ‘इज’ हवं, कारण तपासलं जातं ते तापमान. अशी वाक्यं फाइलभर होती आणि सगळी मराठी माणसांनी लिहिलेली. वाचनालयातून घरी येताना मी याचाच विचार करत होते. मराठीत आपण म्हणतो ‘खोक्यांचं तापमान तपासलं जातं’. खोकी आधी येऊन जातात आणि तापमान क्रियापदाला खेटून उभं राहतं, त्यामुळे चुकायला जागाच नाही. इंग्रजीत तापमान पार सुरुवातीला राहतं आणि क्रियापदाशेजारी येतात खोकी आणि चेंबर्स, दोन्ही अनेकवचनी. शेजारी जे असेल त्याच्याशी जमवून घ्यायची आपल्या क्रियापदाची सवय इथे दगा देते. मग मी एक युक्ती केली : वाक्य मनात मराठीत उलटवायचं, ‘चा-ची-चे’च्या पुढे जे नाम येईल तोच खरा कर्ता. ‘द क्वालिटी ऑफ द बंचेस’ म्हणजे घडांची प्रत. प्रत एक, म्हणून ‘इज’.

गंमत म्हणजे ‘नायदर-नॉर’ आलं की इंग्रजीही शेजाऱ्याचंच ऐकते. ‘नायदर द कार्टन्स नॉर द पॅलेट वॉज वेट’ : पॅलेट जवळचं, म्हणून ‘वॉज’. क्रम बदलून कार्टन्स शेवटी घेतले तर ‘वेअर’.

घटना-नोंदींचं पान सगळ्यांत नाजूक. बोलताना आपण सहज म्हणतो, ‘मी कोल्ड स्टोअरला गेलो, बघतो तर काय, दार उघडं.’ भूतकाळातून वर्तमानात उडी, आणि ती मराठीत शोभते, कारण ऐकणारा त्या दारापाशी जाऊन उभा राहतो. तेच इंग्रजी नोंदीत ‘आय वेंट टू द कोल्ड स्टोअर अँड सी दॅट द डोअर इज ओपन’ असं उतरलं, की दार आत्ताही उघडंच आहे का, असा प्रश्न पडतो. म्हणून नोंदी सगळ्या भूतकाळात केल्या. पण डोळे झाकून नाही. ‘द प्रोब शोड सिक्स डिग्रीज, ऑल्दो द लिमिट इज फोर’ यातलं ‘इज’ मी तसंच ठेवलं, कारण आमची चार अंशांची मर्यादा आजही लागू आहे.

त्याच पानावर हेही होतं : ‘द ड्रायव्हर सेड दॅट आय क्लोज्ड द डोअर.’ मराठीत ‘ड्रायव्हर म्हणाला, की मी दार बंद केलं’ यातला ‘मी’ ड्रायव्हरच, हे कुणीही ओळखेल. इंग्रजीत ‘दॅट’नंतरचा ‘आय’ म्हणजे नोंद लिहिणारा. खाली सही सुपरवायझरची, म्हणजे दार बंद केलं ते सुपरवायझरने! एका सर्वनामाने एकाची जबाबदारी दुसऱ्याच्या गळ्यात गेली. तिथे ‘ही हॅड क्लोज्ड’ हवं होतं. कॉम्प्युटर असल्या ठिकाणी लाल रेघ मारेलच असं नाही, कारण वाक्य व्याकरणात बसतं. म्हणून या पानाचं प्रत्येक वाक्य मी सुपरवायझरला समोर बसवून विचारलं, “दादा, इथे ‘आय’ म्हणजे कोण?” मगच पुढे गेले.

शेवटपर्यंत अडलेला शब्द म्हणजे ‘टीम’. अमेरिकन इंग्रजीत सहसा एकवचन, ब्रिटिश इंग्रजीत दोन्ही चालतं. ‘द टीम चेक्स द पनेट्स अँड रेकॉर्ड द वेट’ (पनेट म्हणजे द्राक्षं भरायची छोटी डबी) असं अर्धं इकडे, अर्धं तिकडे मात्र कुठेच चालत नाही. सरांनी निर्णय माझ्यावर सोडला. मी एकवचन घेतलं आणि पूर्ण फाइलभर ‘चेक्स’, ‘रेकॉर्ड्स’ केलं. फाइलच्या पहिल्या पानाआधी आता एक कागद लावलाय, मराठीत लिहिलेला : नियमांसाठी ‘शॅल’, नोंदींना भूतकाळ, ‘टीम’ एकवचनी. पुढच्या हंगामात जो कुणी या फाइलमध्ये भर घालेल, त्याने तो आधी वाचायचा आहे.